आरएनएच्या कणांना पेगऐवजी दुसरे आवरण कशासाठी?

प्रश्न : माझ्या मुलीने न्यू जर्सीत फायझरची लस घेतली, आम्ही दोघांनी इथे कोव्हिशील्ड. परवा ती फोनवर सांगत होती की, एमआरएनए लशीतल्या कणांवर ‘पेग’ नावाचे आवरण असते आणि त्याच्या जागी आता वेगळे पॉलिमर लावण्याचे प्रयत्न चालू आहेत. ह्यांच्या कोलोनोस्कोपीच्या आदल्या दिवशी पोट साफ करायला पाण्यात कालवून घ्यायची जी पावडर दिली होती, तिच्या पाकिटावरही पॉलिइथिलीन ग्लायकॉल असेच लिहिलेले आठवते. जुलाबाचे औषध आणि लशीचे आवरण एकच कसे? ते नीट काम करत असेल तर बदलायचे कशाला? आणि आम्ही काळजी करण्यासारखे काही आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण मनात धास्ती असली की बाकीचे डोक्यात शिरत नाही. तुम्हा तिघांपैकी कोणीही काळजी करण्यासारखे यात काही नाही. अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये फायझरची लस द्यायला सुरुवात झाली, तेव्हा पहिल्या दहा दिवसांतल्या सुमारे १९ लाख मात्रांमागे २१ जणांना तीव्र ॲलर्जीचा झटका आला. म्हणजे दहा लाखांत अकरा. संशय लगेच पेगवर गेला. पण पहिल्या मात्रेनंतर त्रास झालेल्या अनेकांनी पुढे डॉक्टरांच्या देखरेखीखाली दुसरी मात्रा घेतली आणि ती त्यांना सोसली. पेगची खरीखुरी ॲलर्जी असलेली माणसे असतात, पण ती फार थोडी. ज्यांना पेग असलेल्या औषधाने किंवा पावडरीने पूर्वी अंगावर गांधी उठणे, घसा सुजणे, धाप लागणे असा त्रास झाला आहे, त्यांनी कोणतेही इंजेक्शन घेण्याआधी तो डॉक्टरांना सांगावा. तुमच्या घरी असे काही घडलेले नाही.

तुम्ही घेतलेली कोव्हिशील्ड तर या प्रकारातली नव्हेच. तिच्यात निष्प्रभ केलेला ॲडिनोव्हायरस असतो, मेदाचे कण नसतात. पॉलिसॉर्बेट ८० नावाचा घटक मात्र तिच्यात आहे आणि त्याच्या रेणूत पेगसारख्याच आखूड साखळ्या असतात.

आता ती पावडर. पेग, म्हणजेच पॉलिइथिलीन ग्लायकॉल, ही एकच छोटी कडी पुन्हा पुन्हा जोडून केलेली साखळी. साखळी किती लांब, यावर त्याचे रूप ठरते. कोलोनोस्कोपीच्या पावडरीतले पेग साधारण ३३५० किंवा ४००० रेणूभाराचे असते, लशीतले २००० चे, म्हणजे सुमारे ४५ कड्यांचे. दोन्हीकडे कामाला येतो तो एकच गुण : या साखळीला पाणी फार प्रिय. आतड्यात ती पाणी धरून ठेवते, स्वतः जवळजवळ शोषली जात नाही आणि पोट धुऊन निघते. कणाच्या पृष्ठभागावर बसवली की तीच साखळी कणाभोवती पाण्याचा थर धरून ठेवते आणि दुसऱ्या कशालाही जवळ चिकटू देत नाही. प्रमाणातला फरकही पाहा. पोट साफ करताना पेग शंभर ग्रॅमच्या वर पोटात जाते. फायझरच्या प्रौढांसाठीच्या मूळ लशीच्या एका मात्रेत पेग जोडलेला मेद होता अवघा ०.०५ मिलिग्रॅम.

इतकासा पदार्थ नेमके काय करतो, हे कण तयार होताना पाहिले की कळते. प्रयोगशाळेत दोन सिरिंज घेतात. एकीत अल्कोहोलमध्ये विरघळवलेले चार प्रकारचे मेद, दुसरीत आम्लधर्मी पाण्यातला आरएनए. दोन्ही धारा काडेपेटीएवढ्या चिपमधल्या केसासारख्या बारीक मार्गात एकत्र ढकलतात. पाणी मिळताच मेद अल्कोहोलमधून बाहेर पडतात आणि ऋणभारित आरएनएभोवती गोळा होतात. पलीकडून थेंब थेंब पडणारा द्रव जवळजवळ पारदर्शक असतो, उजेडात धरला तर किंचित निळसर झाक दिसते. ती निळसर झाक म्हणजे कण लहान आणि वेगवेगळे राहिल्याची खूण. त्यातला पेगचा मेद वगळून तोच प्रयोग करा. द्रव दुधासारखा पांढरा होतो आणि थोड्या वेळात तळाशी साका बसतो. पोळ्या लाटताना गोळ्याला पिठी लावतो, त्यातलाच हा प्रकार : लावली नाही तर सगळे एकमेकांना चिकटते, फार लावली तर पोळी कोरडी पडते.

चार मेदांचे प्रमाण ठरलेले असते. २०१८ साली अमेरिकेत मंजूर झालेले पॅटिसिरान हे मेदकणांतून दिले जाणारे पहिले आरएनए औषध. त्याच्यात शंभर रेणूंमागे ५० आम्लात धनभारित होणाऱ्या मेदाचे, १० फॉस्फोलिपिडचे, ३८.५ कोलेस्टेरॉलचे आणि फक्त १.५ पेग जोडलेल्या मेदाचे. या दीडमुळे कणाचा आकार शंभर नॅनोमीटरच्या आत राहतो. हे प्रमाण वाढवले की कण आणखी लहान होतात.

अवघड भाग इथून पुढे सुरू होतो. कण सुईतून शरीरात गेला की आवरणाकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात. रक्तात असताना प्रथिने आणि भक्षक पेशी यांच्यापासून कण वाचला पाहिजे, म्हणजे आवरण टिकले पाहिजे. पण ज्या पेशीत औषध पोचवायचे तिच्यापाशी गेल्यावर तेच आवरण आड येते. पेशीला कण धरता येत नाही. धरून आत घेतला तरी पेशीतल्या ज्या पिशवीत तो अडकतो, तिच्या भिंतीशी त्याला एकजीव होता येत नाही. आवरण नसतानाही या पिशवीतून सुटका कठीणच. जर्मनीतल्या एका गटाने २०१३ मध्ये मोजले तेव्हा पेशीत शिरलेल्या आरएनएपैकी जेमतेम एक ते दोन टक्के बाहेर निसटलेला आढळला. म्हणून आवरणाला वेळेवर सुटताही आले पाहिजे.

कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या संशोधकांनी यावर काढलेला तोडगा मला या साऱ्या विषयातला सर्वांत देखणा भाग वाटतो. पेगची साखळी कणात रोवलेली असते ती मेदाच्या शेपटीने. शेपटी लांब असेल तर मुळे खोल जातात, आखूड असेल तर साखळी सहज उपटून निघते. २०१३ च्या त्यांच्या मोजमापात १८ कार्बनच्या शेपटीचे पेग उंदराच्या रक्तात तासाला ०.२ टक्के या गतीने सुटत होते, १६ कार्बनचे १.३ टक्क्यांनी आणि १४ कार्बनचे ४५ टक्क्यांनी. चार कार्बनच्या फरकाने दोनशे पटींहून अधिक अंतर! पॅटिसिरान आणि मॉडर्नाच्या लशीत १४ कार्बनचीच शेपटी आहे, फायझरच्या मेदातही तेवढ्याच लांबीच्या दोन शेपट्या आहेत. आवरण कुपीत असेपर्यंत कणांना सांभाळते आणि रक्तात जाताच गळू लागते. मोकळ्या झालेल्या पृष्ठभागावर रक्तातले एपोलिपोप्रोटीन ई हे प्रथिन बसते. यकृताच्या पेशी ते ओळखतात आणि कणाला आत घेतात. पॅटिसिरान यकृतात पोचते ते असे.

मग बदलायचे कशाला? यासाठी थोडे मागे जावे लागेल. योगायोग असा की, ही गोष्ट तुमच्या मुलीच्याच राज्यात सुरू होते. न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठात फ्रँक डेव्हिस आणि अब्राहम ॲबुचोव्स्की यांनी प्रथिनांना पेगच्या साखळ्या जोडून पाहिल्या आणि १९७७ मध्ये दाखवले की, गाईच्या रक्तातले किंवा यकृतातले प्रथिन असे झाकले तर दुसऱ्या प्राण्याच्या शरीरात ते जास्त काळ टिकते आणि त्याच्याविरुद्धची प्रतिक्रियाही मंदावते. १९९० मध्ये पेग जोडलेले पहिले औषध अमेरिकेत मंजूर झाले, १९९५ मध्ये पेगचे आवरण असलेल्या मेदपिशव्यांतले कर्करोगाचे औषध डॉक्सिल आले. पेग शरीराच्या नजरेलाच पडत नाही, असा समज तेव्हा रूढ झाला.

तो समज पुरता खरा नव्हता. पेगविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात हे १९८० च्या दशकातच प्राण्यांत दिसले होते. पुढे लक्षात आले की, पेगचे टिकाऊ आवरण असलेले कण प्राण्याला एकदा टोचून आठवड्याभराने पुन्हा टोचले, तर दुसरी मात्रा रक्तातून झरझर नाहीशी होते. पहिल्या मात्रेने प्लीहेतल्या बी पेशींना चाळवलेले असते, त्या आयजीएम प्रतिपिंडे सोडतात आणि दुसऱ्या मात्रेतले कण आल्या आल्या यकृतातल्या भक्षक पेशींच्या तावडीत सापडतात. एकच कडी सलग पंचेचाळीस वेळा, आणि अशा कित्येक साखळ्या एका कणावर दाटीने. बी पेशीला जागी करायला ही पुनरावृत्तीच पुरते. शिवाय पेग आपल्या रोजच्या वापरातल्या मलमांत, सौंदर्यप्रसाधनांत, गोळ्यांच्या लेपांत असल्याने कधीही पेगयुक्त इंजेक्शन न घेतलेल्यांच्या रक्तातही ही प्रतिपिंडे सापडतात. तैवानमध्ये १५०४ निरोगी रक्तदाते तपासले, त्यांतल्या सुमारे ४४ टक्क्यांत ती होती. बहुतेकांना त्याने काही होत नाही. मात्र क्वचित धोका उभा राहतो. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठीचे पेजिनेसटाइड हे पेग जोडलेले औषध २०१२ मध्ये मंजूर झाले आणि तीव्र ॲलर्जीमुळे काही रुग्ण दगावल्यावर २०१३ च्या फेब्रुवारीत बाजारातून परत घ्यावे लागले. तिथे दोष नेमका पेगचा की दुसऱ्या कशाचा, यावर वाद आहेत. रक्त गोठू न देणाऱ्या पेगनिव्हाकोजिन या आरएनए औषधाची मोठी चाचणी २०१४ मध्ये थांबवली गेली. तिथे मात्र तीव्र ॲलर्जी आणि रुग्णाच्या रक्तात आधीपासून असलेली पेगविरोधी प्रतिपिंडे यांचा संबंध स्पष्ट दिसला.

दंडात दोन-चार वेळा टोचायच्या लशीला याने फारसे बिघडत नाही. खरी पंचाईत होते ती आयुष्यभर दर काही आठवड्यांनी शिरेतून द्यायच्या औषधांची. पॅटिसिरान दर तीन आठवड्यांनी देतात आणि प्रत्येक वेळी किमान तासभर आधी डेक्सामेथासोन, पॅरासिटामॉल आणि ॲलर्जीविरोधी दोन प्रकारची औषधे द्यावी लागतात. कण शिरेत गेल्यावर होणारी प्रतिक्रिया थोपवण्यासाठी ही एवढी तयारी. आणि तरीही न्यायाने सांगायला हवे : पॅटिसिरानच्या रुग्णांपैकी मोजक्याच लोकांत पेगच्या मेदाविरुद्ध प्रतिपिंडे आढळली आणि त्याने औषधाचा गुण कमी झालेला दिसला नाही. आखूड शेपटीचे पेग शरीर त्याला ओळखण्याच्या आतच गळून जाते, याचा हा पुरावा. २०२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात एका जन्मजात विकाराच्या बाळाचे जनुक दुरुस्त करण्यासाठी खास त्याच्यापुरते औषध तयार केले. ते मेदकणांतून दिल्यामुळेच फेब्रुवारी ते एप्रिल या काळात तीन मात्रा देता आल्या. विषाणूवर लादून जनुक पाठवले असते तर दुसरी मात्रा देणेच मुश्कील होते.

म्हणून माझे मत असे आहे : निशाण यकृत किंवा दंडाचा स्नायू असेल तोवर लवकर गळणाऱ्या पेगने काम भागते. यकृताच्या पलीकडे, म्हणजे कर्करोगाच्या गाठीपर्यंत, अस्थिमज्जेपर्यंत, फुप्फुसापर्यंत जायचे तर कणाला रक्तात तासन्‌तास फिरावे लागते. मग आवरण लांब शेपटीचे, टिकाऊ हवे. आणि टिकाऊ पेग म्हटले की प्रतिपिंडांचे संकट पुन्हा दारात. नव्या आवरणांची गरज तिथे आहे.

उमेदवारांत मला सर्वांत आश्वासक वाटते ते पॉलिसार्कोसिन. सार्कोसिन हे आपल्या स्नायूंत आणि इतर ऊतींत मुळातच असणारे छोटे अमिनो आम्ल. ग्लायसिनच्या नायट्रोजनवर एक मिथाइल गट बसवला की झाले सार्कोसिन. त्याची साखळी प्रथिनासारखी असूनही प्रथिनासारख्या घड्या घालत नाही, कारण त्यासाठी लागणारा हायड्रोजन त्या मिथाइलने हटवलेला असतो. ती पाण्यात मोकळी हलत राहते, पेगसारखीच. फायझरची भागीदार बायोएनटेक ही कंपनी जर्मनीतल्या माइन्झ शहरातली. तिथल्याच संशोधकांनी २०२० मध्ये पेगच्या जागी पॉलिसार्कोसिनचा मेद घालून एमआरएनएचे कण बनवले. उंदरांत शिरेतून दिल्यावर या कणांनी प्रथिन जास्त बनवून घेतले आणि प्रतिकारयंत्रणेला मात्र कमी डिवचले. अडचण उत्पादनाची. ही साखळी ज्या कच्च्या मालापासून वाढवतात तो दमटपणा जराही सोसत नाही. पेग मात्र टनावारी, स्वस्त आणि हव्या त्या लांबीचे मिळते.

दुसरा मार्ग झ्विटरआयनी पॉलिमरांचा, म्हणजे प्रत्येक कडीवर धन आणि ऋण दोन्ही भार शेजारी शेजारी असलेल्या साखळ्यांचा. यात पुढे आहेत अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे शाओयी जियांग. त्यांचा पॉलिकार्बोक्सिबीटेन, बीटमध्ये सापडणाऱ्या बीटेनसारखीच रचना कड्याकड्यांवर वागवतो. त्यांचा युक्तिवाद समजून घेण्यासारखा आहे. पेगला पाणी आवडते, पण तेलकट द्रावकांचेही त्याला वावडे नाही. बेंझिनमध्येही ते विरघळते. म्हणजे त्याच्या अंगात थोडा तेलकटपणा आहेच, आणि जिथे तेलकटपणा तिथे प्रथिनांना चिकटायला जागा. दोन्ही भार असलेली साखळी पाण्याला विद्युतभाराने घट्ट धरते, तिथे अशी फट राहत नाही. २०२५ मध्ये ‘नेचर मटेरियल्स’मध्ये त्यांच्या गटाने दाखवले की, या पॉलिमरचे मेद घातलेले कण एमआरएनए पेशींत अधिक चांगले पोचवतात आणि पुन्हा दिलेली मात्रा रक्तातून झटकन नाहीशी होण्याचा प्रकारही टळतो. टिकणे आणि पेशीत शिरणे यांतला जुना झगडा इथे सैल होताना दिसतो. मला हे प्रतिपिंडांच्या मुद्द्याइतकेच मोलाचे वाटते.

तिसरे पॉलिऑक्साझोलिन. १९६६ पासून रसायनशास्त्रज्ञांच्या ओळखीचे. अलाबामातली सेरीना ही कंपनी त्याच्यावर काम करते आणि पार्किन्सनवरच्या एका औषधाला ते जोडून माणसांत पहिल्या टप्प्याची चाचणीही झाली आहे. मेदकणांवरचे त्याचे काम अजून प्रयोगशाळेतले. पॉलिग्लिसरॉल आणि इतर नावेही कानावर येतील, पण त्यांचा पल्ला अजून लांबचा.

एक सावधगिरीची गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. पीव्हीपी नावाचा असाच पाणीप्रिय, निरुपद्रवी समजला जाणारा पॉलिमर प्रतिकारशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत वेगळ्याच कारणाने आहे : टी पेशींच्या मदतीवाचून उंदरांत प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या पदार्थांचे ते नमुन्याचे उदाहरण. पुनरावृत्तीची साखळी हा पेगचा एकट्याचा दोष नाही, कोणत्याही पॉलिमरची ती व्याख्याच आहे. पेगविरुद्धची प्रतिपिंडे शोधायला चाळीसेक वर्षे मिळाली आहेत, कारण ते कोट्यवधी लोकांच्या पोटात, कातडीवर आणि रक्तात गेले. नव्या पॉलिमरांना ती संधी अजून मिळालेलीच नाही.

आपल्याकडचा एक मार्ग वेगळा आहे, तोही नोंदवतो. पुण्यात हिंजवडीच्या जेनोव्हा कंपनीने सिएटलच्या एचडीटी बायोबरोबर भारतातली पहिली एमआरएनए लस उभी केली. जेमकोव्हॅक-१९ ला जून २०२२ मध्ये आपत्कालीन मंजुरी मिळाली आणि ती साध्या फ्रिजच्या २ ते ८ अंशांत राहते. तिची वाहक प्रणाली निराळी : आरएनए मेदाच्या पोटात कोंडायचा नाही, तर धनभारित तेलथेंबांच्या बाहेरच्या अंगाला चिकटवायचा. तिथे पेगचा मेद लागत नाही. पण एचडीटीच्या प्रसिद्ध झालेल्या कृतीत थेंब स्थिर ठेवायला पॉलिसॉर्बेट ८० आहे, म्हणजे पेगच्या आखूड साखळ्या तिथेही आहेतच. पाण्यात मेदाचे कण सुटे ठेवायचे तर पाणी धरणारे काहीतरी त्यांच्या अंगावर हवेच, त्यावाचून गत्यंतर नाही.

आणखी एक व्यावहारिक अडथळा. नवे आवरण म्हणजे औषधातला नवा घटक. अमेरिकेत अशा घटकाला एकट्याने मंजुरी मिळत नाही, तो ज्या औषधात वापरला त्या औषधाच्या अर्जाबरोबरच तपासला जातो. म्हणजे पहिले पाऊल टाकणाऱ्या कंपनीला औषधाची आणि आवरणाची, दोन्ही जोखमी एकदम घ्याव्या लागतात. सुरक्षिततेचा ढीगभर पुरावा हाताशी असलेले पेग सोडायला कंपन्या का कचरतात, ते यातून समजते. ज्यांची औषधे शिरेतून, दर पंधरवड्याला, वर्षानुवर्षे द्यायची आहेत आणि यकृताबाहेर पोचवायची आहेत, त्यांनी हे पाऊल आधी टाकावे, असे मला मनापासून वाटते.

तुमच्या मुलीला एवढे जरूर सांगा. नव्या आवरणाची पुढची बातमी वाचताना तीन गोष्टी पाहायच्या. प्रयोग उंदरावर झाला, माकडावर की माणसावर? औषध एकदाच दिले की चौथ्या-पाचव्या वेळेपर्यंत? आणि प्रतिपिंडे शोधताना फक्त पेगविरुद्धची शोधली की त्या नव्या पॉलिमरविरुद्धचीही? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बातमीत नसेल, तर मूळ शोधनिबंध उघडून पाहा.